काचेतला गूळ

सुपडाबाईनं कुणाला "काय होतंय?" असं विचारलेलं मी सात वर्षांत एकदाही ऐकलं नाही. दवाखान्याच्या ओट्यावर माणूस टेकला, की ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर यायची, त्याच्या तोंडाकडे नीट बघायची आणि विचारायची, "कव्हय खादं व्हतं?" कधी खाल्लं होतंस? मग त्याचा पाय मोडलेला असो, अंगात ताप असो, नाहीतर विंचू चावलेला असो. उत्तर "सकाळी" असं आलं तर ती मुकाट्यानं आत निघून जायची. "काल" असं आलं, की तिच्या कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा निघायचा आणि त्या माणसाच्या जिभेवर जायचा. माझी पाळी त्यानंतर.

मलाही तिनं सोडलं नाही. नोकरीवर रुजू व्हायला मी शहाद्याहून बैलगाडीनं त्या तापीकाठच्या गावी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. अंगात नवा कोट, पिशवीत सर्टिफिकेट, आणि डोक्यात आपण आता या मागासलेल्या मुलखाचा उद्धार करणार अशी हवा. दारात ही ठेंगणी, काळीसावळी, पन्नाशीची बाई उभी. मी म्हणालो, "मी इथला नवा डॉक्टर आहे."

"ते माले मालूम शे," ती म्हणाली. "खादं कव्हय?"

आता ज्याला नंदुरबार जिल्हा म्हणतात तो भाग तेव्हा धुळ्यातच मोडत होता. आमचा दवाखाना लोकल बोर्डाचा. सहा खाटा, एक कपाट, एक डॉक्टर, वामनराव नावाचे कंपाउंडर आणि स्वयंपाकाला सुपडाबाई. वामनरावांविषयी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यांचं काम आहे. हा माणूस जन्मात खोटं बोलला नाही. औषधाची बाटली देताना पेशंटनं "हे लाल काय आहे?" असं विचारलं, तर ते सरळ सांगायचे, "रंग आहे. गुण त्याच्यात नाही, बाकीच्यात आहे." मी कपाळाला हात लावायचो.

सुपडाबाई विधवा, एकटी, दवाखान्यामागच्या खोलीत राहायची. तिच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती, म्हणून ही जन्मल्यावर सुपात घालून घरभर ओढली आणि नाव ठेवलं सुपडा. "मी सुपडामा बठीसन उनू, म्हनीसन वाचनू," असं ती हसत सांगायची. सुपात बसून आले, म्हणून वाचले. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बोलण्यात कुणाला हार जायची नाही. कुणी रडगाणं सुरू केलं की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "पहिले पोट, मंग गोट." आधी पोट, मग गोष्ट.

माझा स्वभाव तापट. पहिल्याच महिन्यात मी तिच्यावर उखडलो. "बाई, हा दवाखाना आहे, गुऱ्हाळ नाही! विचारल्याशिवाय पेशंटच्या तोंडात काही घालायचं नाही." तिनं मान खाली घालून "हा, भाऊ" म्हटलं. त्यानंतर जो पेशंट आला त्याला तिनं माझ्या डोळ्यांदेखत गूळ दिला. वर मलाच समजावलं, "डोकामा बी एक चुल्हा ऱ्हास, भाऊ. तो इझना का ईख घर करस." डोक्यातली चूल विझली की विष घर करतं. मी वामनरावांकडे बघून हसलो. हे शरीरशास्त्र मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

त्या वर्षांत कपाशीवर फवारायचं नवं औषध आलं होतं. तापीकाठचे गुजर शेतकरी कष्टाळू आणि नव्या गोष्टीला पहिले हात घालणारे. मोहनभाई नावाच्या शेतकऱ्यानं पंप आणला आणि बघता बघता गावोगाव पंप आले. फवारणी व्हायची ती पहाटे, वारा सुटायच्या आत. वारा सुटला की औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतं, हे एवढं लोकांना बरोबर कळलं होतं. पण त्यामुळे मजूर रिकाम्या पोटी पंप पाठीवर घ्यायचे. खाऊन गेलं तर वासानं ओकारी येते, असाही एक समज होता.

एके सकाळी मोहनभाईंचा सालदार रतन याला गाडीत घालून आणलं. पंचविशीचा धट्टाकट्टा भिल्ल, अंगभर औषध सांडलेलं, दातखीळ बसलेली, झटक्यावर झटके येत होते. मी त्याचे कपडे उतरवले, साबणानं अंग धुऊन काढलं, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं. थोडा थांबायचा, पुन्हा सुरू. सुपडाबाई रतनच्या बायकोजवळ गेली आणि तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. बायको रडत म्हणाली, "काल दुपारनी भाकर. सांजले तो तसाच जपी गया." म्हणजे रात्री उपाशीच झोपला होता.

सुपडाबाई गूळ घेऊन पुढे झाली. मी ओरडलो, "खबरदार! शुद्ध नाही त्याला. छातीत जाईल, गुदमरून मरेल तो!"

ती जागीच थांबली. हे तिला पटलं. तिनं गूळ पिशवीत टाकला आणि कपाटाकडे बोट केलं. "मंग तुन्हा काचना गूय दे ना त्याले."

काचेतला गूळ म्हणजे ग्लुकोजच्या काचकुप्या. आल्या आल्या तिनं मला विचारलं होतं की यात काय असतं, आणि मी ऐटीत सांगितलं होतं, "साखरच. पण शुद्ध केलेली, शिरेतून द्यायची." तेव्हापासून सगळ्या गावात त्याचं नाव काचना गूय. मी त्या जपून ठेवायचो. त्या दिवशी दिल्या, त्या खरं सांगायचं तर तिनं गप्प बसावं म्हणून, आणि माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. दुसरी कुपी संपता संपता रतनचा जबडा सैल पडला. तासाभरानं त्यानं डोळे उघडले. सुपडाबाई खाली वाकली आणि म्हणाली, "आते खाशी ना रे, बाप?"

ते इंजेक्शनामुळे झालं की ग्लुकोजमुळे, यावर वाद घालता येईल. मी तेव्हा घातला नाही, आताही घालणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर चहा प्यायला बसलो. मी खुशीत होतो. माझं लक्ष गेलं, की सुपडाबाई आपल्या कपात मीठ टाकतेय. मी म्हणालो, "साऱ्या गावाला गूळ वाटता आणि स्वतः मीठ घालून चहा पिता, हे काय सोंग?"

वामनराव एकदम खाली बघायला लागले. त्यांना ठाऊक होतं. सुपडाबाईनं मात्र शांतपणे सांगितलं. तिला एकच मुलगी होती, तापी नावाची. पाच वर्षांची असताना तिनं खेळता खेळता धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या. पोर भ्रमिष्टासारखी हवेत हात मारायला लागली. शेजारच्या गावच्या वैदानं लंघन सांगितलं. अन्न दिलं तर विष वाढतं, दोन दिवस कण पोटात जाता कामा नये. सुपडाबाईनं तो शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी पोर शुद्धीवर आली, आईला तिनं ओळखलं.

"माले म्हने, माय, गूय दे. मन्हा पदरमा बांधेल व्हता, भाऊ. मी दिधा नही. वैदनं सांगेल व्हतं ना." कपातल्या चहाकडे बघत ती बोलत होती. "तिसरा दिनले झटका उना आनि गयी. ईखनं नही मारी तिले. मीच भुकी मारी."

मग तिनं प्रकाश्याच्या तीर्थावर जाऊन तापीच्या पाण्यात उभं राहून गोड सोडलं. गूळ, साखर, सगळंच. काशीला गेलेली माणसं आवडीची एखादी वस्तू सोडतात तसं. नवरा पुढे वारला, ती दवाखान्यात कामाला लागली आणि दिसेल त्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारू लागली.

त्यानंतर मी तिला कधी अडवलं नाही. उलट फवारणीच्या दिवसांत मीच तिला भाकरी आणि गुळाची टोपली घेऊन शेतावर पाठवायला लागलो. मी मजुरांना तोंडाला फडकं बांधा, साबणानं अंग धुवा, रिकामे डबे पुरून टाका असं ओरडून सांगायचो. ती नुसती बांधावर बसायची आणि खाल्ल्याशिवाय कुणाला पंपाला हात लावू द्यायची नाही. मोहनभाईंसारख्या मोठ्या शेतकऱ्यालाही तिनं दटावलं, "तुन्हा बैलले चारा दिसन जुपस ना? मंग मानुसले भुक्या कसाले जुपस?" त्या मोसमात फवारणीचे पेशंट आले, पण झटके येऊन गेलेला कुणी नव्हता.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला अजून जड जातं.

धुळ्याला डॉक्टरांची एक बैठक होती. तिथं एका वयस्कर प्राध्यापकांचं भाषण झालं. मेंदूजवळ स्वतःचं कोठार असं जवळपास नसतं, ते म्हणाले. रक्तातून जी साखर येईल तिच्यावर त्याचा रोजचा प्रपंच. झटके सुरू झाले की हे जळण कितीतरी पटींनी खर्च होतं. मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या दारावर जणू पहारा असतो, नको ते बाहेर आणि हवं ते आत ठेवणारा, आणि हा पहाराही त्याच जळणावर उभा असतो. जळण संपलं की दार उघडं पडतं, आणि जे विष पेशीनं कदाचित सोसलं असतं, त्यानंच ती मरते. भरल्या घरच्या माणसाचं यकृत काही काळ साठ्यातून पुरवठा करतं, नंतर चरबीतूनही दुसरं जळण काढून देतं. पण उपाशी, रोड पोराजवळ साठा कुठला? मी बाकावर ताठ बसलो. हे सगळं मी आमच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं होतं.

परत आल्या आल्या मी धावत स्वयंपाकघरात गेलो. हातात बॅग तशीच. "सुपडाबाई, तुमचं खरं होतं! मोठमोठे प्रोफेसर तेच म्हणतात. मेंदूची चूल! गूळ विष उतरवत नाही, पण विषाशी झुंजायला बळ देतो. रोग्याला उपाशी ठेवणं म्हणजे..."

ती भाकरी थापत होती. आधी हसली. "तुले हाई आते समजनं?" मग तिचा हात थांबला. परातीतल्या पिठाकडे बघत तिनं विचारलं, "तं मंग मन्ही तापी वाचती ना, भाऊ?"

इतकी वर्षं ती स्वतःला दोष देत होती, पण तो एका अडाणी आईचा संशय होता. कदाचित तसं नसेलही, एवढी एक फट त्यात होती. ती फट मी प्रोफेसरांची साक्ष काढून बुजवली होती. मी चाचरत म्हणालो, "तसं नक्की नाही सांगता येत. धोतरा वाईटच असतो." तिनं मान हलवली आणि भाकरी तव्यावर टाकली. पण मी फार उशिरा बोललो होतो, आणि तिला ते कळलं होतं.

त्या दिवसापासून ती एकदाच जेवायला लागली. मला हे वामनरावांकडून कळलं. मी एकदोनदा रागावलो, तिनं "हा, भाऊ" म्हटलं, आणि मी माझ्या कामाला लागलो. दिवसभर ती साऱ्या गावाला विचारत फिरायची, कधी खाल्लं. तिला हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

मग दिवाळी आली. तिला भाऊ उरला नव्हता, म्हणून भाऊबीजेला ती दरवर्षी मलाच ओवाळायची आणि मी तिला लुगडं द्यायचो. त्या वर्षी ओवाळून झाल्यावर ती ताट घेऊन उठली नाही. माझ्यासमोर बसून राहिली आणि तिनं उजवा हात पुढे केला, रिकामा, तळवा वर करून.

"आमना घरनी एक रीत शे, भाऊ," ती म्हणाली. "सोडेल वस्तू भाऊनं हातवर ठेवं का बहिन खाई सकस. मंग पाप लागत नही." सोडलेली वस्तू भावानं हातावर ठेवली, की बहीण खाऊ शकते.

मला सगळं समजलं. न समजल्याचं सोंग मी आज आणणार नाही. माझ्या गुडघ्याजवळ करंज्यांची ताटली होती. एक उचलून तिच्या हातावर ठेवायची, एवढंच काम होतं. पण माझ्यातला शहाणा जागा झाला. धुळ्याहून आल्यापासून तो जरा जास्तच जागा होता. मी म्हणालो, "मी असल्या रीती मानत नाही, सुपडाबाई. सोडलं तुम्ही, तर धरायचंही तुम्हीच. स्वतःच्या हातानं घ्या की! त्यात पाप कसलं?"

मग तिनं हात मागे घेतला. "हा, भाऊ. खरं शे तुन्हं," ती म्हणाली आणि ताट घेऊन आत गेली.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मला देवीच्या लसीसाठी चार दिवस तोरणमाळला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगर चढून धापा टाकत एक माणूस आला. सुपडामायला झटके येताहेत, लवकर चला. घाट पायी उतरून, मिळेल त्या गाडीनं मी गावी पोचलो तेव्हा दुसरा दिवस मध्यावर आला होता.

झालं होतं ते असं. रतननं महिन्याभरापूर्वी तिला एक डबा आणून दिला होता, घट्ट झाकणाचा, चकचकीत. फवारणीच्या औषधाचाच रिकामा डबा. त्यानं राखेनं आणि चिंचेनं तीनतीनदा घासला होता. रिकामे डबे पुरा म्हणून मी कंठशोष करत होतो खरा, पण घट्ट झाकणाचा डबा मातीत पुरणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा होता. तिनं त्यात उपासाची भगर भरून ठेवली. घटाच्या पहिल्या दिवशी सांजेला, सबंध दिवसाच्या उपासानंतर, तिनं तीच शिजवून खाल्ली. सकाळी शेजारणीनं तिला ओकताना पाहिलं आणि दवाखान्यात आणलं.

वामनरावांनी पोट धुतलं, झटक्याचं इंजेक्शन दिलं. जे मी केलं असतं तेच सगळं केलं. दोन झटक्यांच्या मध्ये ती चांगली शुद्धीवर असायची. त्यांनी ग्लुकोजची कुपी फोडून सिरिंजमध्ये भरली.

"तिनं विचारलं, साहेब," वामनराव मला सांगत होते. "म्हणाली, वामनभाऊ, काचना गूय का? मी म्हटलं, हो."

"अहो, नाही म्हणायचं! मिठाचं पाणी आहे म्हणायचं!"

"मला येत नाही हो," असं म्हणून तो म्हातारा माणूस हुंदके द्यायला लागला.

तिनं हात ओढून घेतला होता. खाटेभोवती जमलेल्या बायकाही म्हणाल्या, की मायनं प्रकाश्याला पाण्यात उभं राहून सोडलंय, तिचा नेम मोडून तिला पाठवू नका. तिचं मन दुखवायला कुणी धजलं नाही. सगळं गाव तिच्या हातचा गूळ खाल्लेलं, आणि सगळं गाव तिच्या तोंडाला गूळ लागू नये म्हणून राखण करत उभं. वामनरावांनी पुन्हा विनवलं तेव्हा ती म्हणाली होती, "भाऊले येवू दे. भाऊ देई."

त्यानंतर मोठा झटका आला आणि ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

मी खाटेशी गेलो तेव्हा तिचा श्वास घरघरत होता. तिच्याच कमरेची पिशवी मी उघडली, गुळाचा एक खडा काढला आणि तिच्या उजव्या तळव्यावर ठेवला. बोटं मिटवली. मोठ्यानं म्हणालो, "सुपडाबाई, मी ठेवलाय. भावानं ठेवलाय." मग डाव्या हाताची शीर शोधली आणि कपाटातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या कुप्या एकामागून एक दिल्या. डोळ्यांतलं पाणी सुईवर पडू नये म्हणून मान वळवून दिल्या. तिच्या डोक्यातली चूल केव्हाच विझली होती. दिवस मावळायच्या आत ती गेली.

रतन दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेत होता. त्याला धरायला दोन माणसं लागली. मी त्याला सांगितलं की चूक तुझी एकट्याची नाही. कुणाकुणाची आहे, ते त्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

नंतर माझ्या खूप ठिकाणी बदल्या झाल्या. जिथं गेलो तिथं पेशंट समोर बसला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघायचा, कधी खाल्लं? नव्या कंपाउंडरांना ती माझी लकब वाटायची. त्यांना काय सांगणार? भाऊबीजेला पुढं मी कुणाकडून ओवाळून घेतलं नाही.

ती गेली त्या संध्याकाळी बायका तिला न्हाऊ घालायला आल्या. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. त्यांच्यातली एक म्हातारी ती उघडायला लागली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हातमा काय शे हिना?"

सात वर्षं मी अहिराणी समजत होतो, बोललो कधीच नव्हतो. तेव्हा बोललो.

"ऱ्हाऊ दे, माय," मी म्हणालो. "तिनी भाऊबीज शे."

म्हातारीनं ती मूठ तशीच राहू दिली.